सात तारखेचा पगार

बुधवार, ७ ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाण्यानं ती कधीच मागं टाकली होती. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, शाहूपुरीत पाणी, आणि कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरलेल्या आमच्या तीन गाड्या कारखान्याच्या गेटाच्या आतच उभ्या. मी राजारामपुरीत घरी. लाईट नाही. मोबाईल गाडीत बसून चार्ज करत होतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याचा, मी सीएफओ, पैशाचा सगळा कारभार बघणारा. तिथं मात्र सगळे 'अकौंटवाले साहेब'च म्हणतात.

त्या दिवशीचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर मावणारा होता. दोनशे दहा माणसांचा पगार ४१ लाख. पुण्याच्या स्क्रॅपवाल्याला आम्ही दिलेला, दुसऱ्या दिवशी वटायला येणारा चेक ३० लाखांचा. कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेनं ठरवून दिलेल्या कर्जाच्या लिमिटमधून, उचलता येण्यासारखे ५८ लाख. म्हणजे १३ लाख कमी. एरवी एवढ्या तुटीला कुणी विचारत नाही. माल गेटाबाहेर पडतो, बिल डिस्काउंटला लागतं, म्हणजे बिलावर बँक आधीच पैसे देते. पण गाडीच हलली नाही तर विक्री कसली?

डिस्पॅचच्या पोरानं फोनवर सुचवलंच, "साहेब, बिलं काढून ठेवू का? गाड्या भरल्यात की."

नको म्हटलं. गेटाच्या आत उभ्या मालाचं बिल बँकेत लावायचं म्हणजे बँकेला सरळ थाप मारायची. नंतर ती निस्तरायला मीच.

मालक पुण्यात अडकलेले. म्हणाले, "आधी स्क्रॅपचं बघा. चेक परत गेला तर बाजारात तोंड दाखवता यायचं नाही. माणसं आपलीच आहेत, चार दिवस थांबतील."

त्यांचंही खोटं नव्हतं. परत गेलेला चेक लिमिटच्या रिन्यूअलला हमखास वर येतो. पण हजाराच्या आत कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत, हा तेव्हाचा कायदा. आणि कायदा राहू दे, मोल्डिंगवरची, म्हणजे साचे बनवणारी, आमची कितीतरी माणसं आंबेवाडी, प्रयाग चिखलीची. घरं पाण्यात, बायका-पोरं होडीतून बाहेर काढलेली.

"मालक, स्क्रॅपवाल्याला मी थांबवतो. ह्यांना काय सांगू?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. रेंज गेली असं वाटलं.

"लावा पगार."

स्क्रॅपवाला निघाला माझ्यापेक्षा हुशार. चेक त्यानं आधीच बँकेत टाकलेला. म्हणाला, "असं करू, कमी पडणारे १३ लाख उद्या सकाळी मीच तुमच्या खात्यात पाठवतो, म्हणजे माझाच चेक वटेल. व्याज अठरा टक्के, बरं का." पुराबद्दल हळहळला, व्याज मात्र सोडलं नाही. मी होकार दिला.

पगाराच्या फाईलला दुसरी मंजुरी मालकांच्या पुतण्याची, तो ताराबाई पार्कात. ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. चौथ्या खेपेला जमलं, तेव्हा पावणेसहा वाजले होते.

पाणी ओसरल्यावर शाहूपुरीतलं गोदाम उघडलं. गिऱ्हाइकांचे लाकडी पॅटर्न, ज्यावरून साचे बनतात ते नमुने, फुगून उकललेले. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल तर ती विम्याच्या पॉलिसीत वेगळी लिहावी लागते. आमच्याकडं ती ओळ पूर्वी होती. त्या एप्रिलला ३८ हजारांचा प्रीमियम वाचवायला मी ती काढली होती, आणि मीटिंगमध्ये ती बचत म्हणून दाखवलीही होती. भरपाई साडेनऊ लाख, सगळी आमच्या खिशातून.

मालक एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या वेळी पॉलिसीचा मसुदा आला, तेव्हा मात्र त्यांनी तो माझ्या टेबलावरून उचलला, चष्मा लावला आणि माझ्यासमोरच बसून ओळ न् ओळ वाचून काढला.