तुम्ही विचारलंत म्हणून: कापड कुजलं, मग पोत कसा कळतो?

सातव्या-आठव्या शतकातल्या इंग्लंड-डेन्मार्कच्या कापडाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: कापड तर मातीत कुजून गेलं, मग ते जाडंभरडं होतं की तलम, हे कशावरून सांगता?

अवजारांवरून. टकळीची चकती आणि मागाची भाजलेल्या मातीची वजनं टिकतात. त्यांच्या वजनाच्या आणि मापाच्या अचूक प्रतिकृती करून त्यांवर प्रत्यक्ष कातायचं, विणायचं.

8 ग्रॅमच्या चकतीवर बारीक सूत निघतं. तेच सूत 30 ग्रॅमच्या चकतीवर काढायला गेलं की भार न पेलून तुटतं. उलट हलकी चकती जाड सुताला पुरेसा पीळ देत नाही. मध्येच थांबते आणि उलटी फिरते.

खरी गंमत वजनांत आहे. या उभ्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, वरच्या दांड्याला बांधतात आणि खाली वजनं लटकवतात. साध्या विणीत वजनांच्या दोन ओळी असतात. समजा, वजन 300 ग्रॅमचं आणि 3 सेंटिमीटर जाड आहे. बारीक धाग्याला साधारण 10 ग्रॅम ताण पुरतो, म्हणजे एका वजनाला 30 धागे. दोन ओळी धरून 3 सेंटिमीटरमध्ये 60, म्हणजे सेंटिमीटरला 20. धाग्याला 20 ग्रॅम लागत असतील, तर तेच वजन सेंटिमीटरला 10 धाग्यांचं कापड देतं. म्हणून उत्खननाच्या अहवालात फक्त वजन लिहून जाडी गाळली, की अर्धी माहिती हातची जाते.

ओळीची रुंदी कापडाएवढी किंवा किंचित जास्त हवी. कमी पडली तर ताणा खाली आवळत जातो आणि कडा आत ओढल्या जातात.

लोकरही तशीच हवी. आजच्या मेरिनो मेंढीची लोकर इथे चालत नाही. नॉर्वेच्या जुन्या स्पेलसाउ मेंढीसारखी दुहेरी लोकर घ्यावी: ताण्याला लांब, राठ केस, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, आतली मऊ लोकर. ताण्याचे तंतू सुटून एकमेकांत अडकतात, म्हणून खळ द्यावी. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती याचसाठी.

सेंटिमीटरला 10 धाग्यांच्या एक चौरस मीटर कापडाला जवळपास 2 किलोमीटर सूत लागतं. ताशी 40 ते 50 मीटर धरलं तर नुसत्या कताईलाच 40 ते 50 तास. लोकर धुणं, विंचरणं वेगळंच.

अर्थात अवजारं सांगतात ते काय विणता आलं असतं एवढंच. प्रत्यक्ष काय विणलं, याचा पडताळा कबरींतल्या धातूच्या पिनांवर मिळतो. गंजात चिकटून राहिलेल्या तुकड्यांवरचे धागे भिंगाखाली मोजता येतात.