वीसपैकी एक

कपाशीत गुलाबी बोंडअळी शोधायची तर बोंड फोडण्यावाचून गत्यंतर नसते, कारण अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. म्हणून सर्वेक्षणात आम्ही एकरी 20 हिरवी बोंडे फोडतो. त्यांतली 2 किडकी निघाली, म्हणजे 10 टक्के झाली, की नुकसानीची पातळी गाठली असे धरून फवारणी सुचवतो. दोन आठवड्यांपूर्वी एका शेतात मला 20 पैकी 1 बोंड किडके सापडले होते. शेतकरी काका पंप घेऊन बांधावर उभेच होते. "ताई, मारू का?" त्यांनी विचारले. "नको काका, पातळीच्या खाली आहे," मी सांगितले, आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकले.

परवा त्याच शेतात शिरले आणि पाचव्या ओळीतच डोमकळी दिसली. पाकळ्यांची टोके अळीने लाळेच्या धाग्यांनी शिवून टाकल्यामुळे उमलू न शकलेले हे फूल लांबून मिटलेल्या गुलाबासारखे दिसते आणि नवख्या माणसाला ते हमखास उद्याचे फूल वाटते. मग बोंडे घेतली. अंगठ्याने दाबून बोंडाची फाक वेगळी केली की आधी सालीच्या आतल्या बाजूला पाहायचे, कारण अळी जिथून शिरते तिथे बऱ्याचदा पुटकुळी उठलेली असते; त्यानंतर कप्प्यांमधल्या पडद्याला गोल भोक आहे का ते पाहायचे आणि सरकी सर्वांत शेवटी. 20 पैकी 5 बोंडे किडकी निघाली. त्यांतल्या दोन बोंडांत सेंटिमीटरभर लांबीच्या, अंगावर गुलाबी पट्टे उमटलेल्या अळ्या होत्या. अळी आधी पांढुरकी असते, गुलाबी रंग शेवटच्या अवस्थेत चढतो आणि तिथवर पोहोचायला तिला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मी बांधावर उभी राहून "नको" म्हणत होते, त्याच सुमारास या अळ्या बोंडांत शिरत होत्या.

त्या रात्री वहीवर हिशेब मांडला. शेतात खरोखर 10 टक्के बोंडे किडकी असली, तरी 20 बोंडांच्या नमुन्यात एकही न सापडण्याची किंवा एकच सापडण्याची शक्यता जवळजवळ 39 टक्के येते. इतकी वर्षे तो नियम मी तोंडपाठ म्हणत आले आणि हा साधा गुणाकार कधी करून पाहिला नव्हता, याची लाज वाटली. शिवाय त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता आणि मी हाताशी आलेली, बरीचशी कोवळी बोंडे तोडली होती; अळी मुख्यतः दोन-तीन आठवड्यांच्या बोंडांत शोधायची असते, हे मला माहीत नव्हते असे नाही.

तरीही 1 या आकड्यावर मी निर्धास्त राहिले ती कामगंध सापळ्यांमुळे, म्हणजे मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यांमुळे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री 8 पतंग आले तर धोका समजतात; आमच्या नोंदीत 2 किंवा 3 यांच्या वर आकडा नव्हता. परवा पाहिले तर एका सापळ्याच्या पिशवीची खालची गाठ सुटलेली होती. पतंग मोजून बाहेर काढायचे आणि गाठ पुन्हा बांधायची नाही, हा आमच्या एका सहकाऱ्याचा जुना आळस आहे आणि तो मोबाइलवरच्या अर्जात कुठेच दिसत नाही. त्या अर्जात आकड्यासाठी चौकट आहे, पण गाठ बांधलेली होती का, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदलली, बोंडे केवढी होती, हे लिहायला जागा नाही; सापळा निकामी असला तरी त्यातला 2 हा आकडा वर कार्यालयात खराच धरला जातो.

काकांना डोमकळ्या तोडून नष्ट करायला सांगितले, फवारणीची चिठ्ठी दिली आणि पुढे फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक शेतात राखू नका, असेही बजावले. चिठ्ठी खिशात घालत त्यांनी विचारले, "त्या दिवशी मारले असते तर?" आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, असे मी म्हणाले. ते खरे होते. मात्र त्या दिवशी किती अळ्या अजून बाहेर होत्या, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही तो विषय काढला नाही.