हॉकी पाहायला राउरकेलाला जायचं असेल तर

टीव्हीवर हॉकी पाहताना मैदान कळत नाही. निळा आयत दिसतो, त्यावर पळणारी माणसं दिसतात, आणि चेंडू बऱ्याचदा दिसतच नाही. मैदान ओलं आहे की कोरडं, चेंडू घसरत येतोय की उसळत, हे कळायला मैदानाच्या काठावरच बसावं लागतं. म्हणून २०२५च्या जानेवारीच्या शेवटी हॉकी इंडिया लीगचे सामने पाहायला ओडिशातलं राउरकेला गाठलं. सोबत खडकीचा एक जुना मित्र होता. धनराज पिल्लेंच्या खडकीतला, म्हणजे हॉकी अंगात मुरलेला. आम्ही स्टेडियम पाहिलं, पण त्याआधी आसपासच्या गावांतली मातीची मैदानं पाहिली. पुढे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच राहील: क्रम असाच ठेवा. आधी माती, मग टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान.

जाण्याची सोय आपल्या लोकांसाठी उत्तम आहे, कारण राउरकेला मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री पोचवते. मुंबईहून गीतांजली भल्या सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राउरकेलात येते. हावडा मेल आणि कुर्ल्याहून सुटणारी ज्ञानेश्वरीही इथे थांबतात. नागपूर-विदर्भाच्या लोकांचा तर निम्मा प्रवास वाचतो. गाड्या उशिरा धावतात हे धरूनच चाला. पोचल्याच्या संध्याकाळी सामना ठेवू नका, मध्ये एक रात्र जाऊ द्या. भुवनेश्वरमार्गे येणार असाल तर पुरी-राउरकेला वंदे भारत दिवसाउजेडी सोडते. विमानतळ आहे, पण उड्डाणं मोजकी. त्यावर सगळा बेत टांगू नये.

राहायला स्टेशनच्या आसपास आणि पानपोश रस्त्याकडे हॉटेलं आहेत. गाव पोलादाच्या कारखान्याचं. पश्चिम जर्मनीच्या मदतीने १९५०च्या दशकात सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती सेक्टर पडत गेले. त्यामुळे रस्ते रुंद, झाडं भरपूर आणि खेळाची मैदानं जागोजाग. सामन्यांच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात, आधी नोंदवून ठेवा. हिंदी सगळीकडे चालते. बाजारात ओडिया, गावाकडे सादरी, कुडुख, मुंडारी कानावर पडतात.

आता मातीबद्दल. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात येतं. पलीकडे झारखंडचा सिमडेगा जिल्हा, रस्त्याने सत्तरेक किलोमीटर. या दोन जिल्ह्यांनी भारताला जितके हॉकीपटू दिले तितके देणारा पट्टा देशात क्वचितच सापडेल. दिलीप तिर्की, इग्नेस तिर्की, लाझारस बार्ला, प्रबोध तिर्की, बिरेंद्र लाकरा, अमित रोहिदास, मुलींमध्ये दीप ग्रेस एक्का, सुनीता लाकरा, नमिता टोप्पो, लिलिमा मिंझ हे सगळे सुंदरगडचे. सिमडेगाने १९८०च्या सुवर्णपदक विजेत्या संघातले सिल्व्हानुस डुंगडुंग दिले आणि आजच्या पिढीतली सलीमा टेटेही दिली. मिशनरी शाळांमधून हा खेळ इथल्या आदिवासी गावांत रुजला आणि मग गावांनी तो आपलाच करून टाकला.

भात कापून झाला की हिवाळ्यात खस्सी टूर्नामेंट सुरू होतात. खस्सी म्हणजे खच्ची केलेला बोकड. जिंकणाऱ्याला मोठा बोकड, हरणाऱ्याला लहान, कुठे कुठे कोंबडे. आम्ही पाहिला तो सामना शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात होता. शाळेमागचं लाल, मुरमाड मैदान, चुन्याने आखलेल्या रेघा, बांबूचे गोल. एका कडेला सालाच्या झाडाला बक्षिसाचे दोन बोकड बांधलेले, पाला खात उभे. निम्मी मुलं अनवाणी. अशा मैदानावर चेंडू सरळ येतच नाही. खड्याला लागून गुडघ्यापर्यंत उडतो, मध्येच मेल्यासारखा थांबतो. तेव्हा ही पोरं काय करतात ते नीट पाहा. चेंडू पोचायच्या आधी स्टिक मऊ करतात, म्हणजे मनगट ढिलं सोडून चेंडूला किंचित मागे येऊ देतात. चेंडू उसळला तरी तो स्टिकला चिकटूनच उसळतो. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बाजूच्या रेषेजवळ हे इतकं सहज करत होती की माझा मित्र सामना सोडून तिच्याकडेच बघत राहिला. त्याच्या मते हा ट्रॅप, म्हणजे चेंडू असा स्टिकवर थांबवणं, कुठल्याही अकादमीत शिकवून येत नाही, तो फक्त वाईट मैदानच शिकवतं.

मला हे अर्धंच पटतं. वाईट मैदान हात घडवतं हे खरं, पण त्यावर सुटलेला जोरकस फटका कुठे जाईल याचा भरवसा नाही, म्हणून पास आखूड राहतात आणि दूर धावणाऱ्या जोडीदाराकडे बघायची सवयच लागत नाही. आपल्या हॉकीची गोष्ट हीच आहे. १९२८ पासून १९५६ पर्यंत आपण गवतावर सलग सहा सुवर्णं जिंकली. १९४८ला वेम्बलीच्या ओल्या, जड मैदानावर ब्रिटनला ४-० हरवलं. १९७५ला क्वालालंपूरमध्ये विश्वचषक घेतला. लगेच पुढच्या वर्षी, १९७६ला, माँट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली. ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ हरवलं आणि आपण सातवे आलो. टर्फने भारतीय हॉकी मारली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियाने क्लबाक्लबात टर्फ अंथरलं आणि आपली मुलं कित्येक वर्षं गवत-मातीवर शिकून थेट परदेशात टर्फवर उतरत राहिली. दोष टर्फचा नाही, ते आपल्याकडे नव्हतं याचा आहे. सुंदरगडमध्ये हे चित्र पालटताना दिसतं. जिल्ह्याच्या सतराही ब्लॉकांत सिंथेटिक मैदान करायचं काम राज्य सरकारने हाती घेतलं. पानपोशचं क्रीडा वसतिगृह १९८५ पासून मुलं घडवतंय. मातीत हात तयार झालेली मुलं आता लवकर टर्फवर येतात. अमित रोहिदास हे त्याचं जिवंत उदाहरण. २०२३च्या विश्वचषकात भारताच्या पहिल्याच सामन्यात, राउरकेलात, स्पेनविरुद्ध पहिला गोल त्याचा होता, स्वतःच्या जिल्ह्यात.

खस्सी टूर्नामेंट शोधायची म्हटलं तर तिचं वेळापत्रक कुठे छापून येत नाही. चहाच्या टपरीवर, रिक्षावाल्याकडे, शाळेच्या शिक्षकांकडे विचारा. डिसेंबर-जानेवारीत रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कुठे ना कुठे सामना असतोच. दिवसभराची गाडी ठरवून घ्या, परतीला वाहन मिळत नाही. पाणी, टोपी, खाऊ सोबत ठेवा. मुलांचे, विशेषतः मुलींचे फोटो मोठ्यांना विचारल्याशिवाय काढू नका. काही द्यायचंच असेल तर आयोजकांना विचारून चेंडू द्या. रोख पैसे वाटत फिरणं बरं दिसत नाही, आणि गावाला तशी गरजही वाटत नाही.

बिरसा मुंडा स्टेडियम छेंड भागात, तंत्रविद्यापीठाच्या आवारात आहे. ५ जानेवारी २०२३ला उद्घाटन झालं. वीस हजारांवर खुर्च्या आहेत आणि सगळ्या प्रेक्षकांना खुर्ची असलेलं जगातलं सर्वांत मोठं हॉकी स्टेडियम म्हणून ते ओळखलं जातं. नाव बिरसा मुंडांचं, हे इथे शोभतंही. मैदान जवळ वाटतं, कारण स्टँड उंच आणि उभे आहेत. खेळाडूंची हाक, पंचांची शिट्टी, फळीवर आदळणारा चेंडू सगळं ऐकू येतं.

सामन्याच्या निदान पाऊण तास आधी आत जा, ही माझी दुसरी आग्रहाची सूचना. पाणी मारताना पाहायचं असतं म्हणून. मैदानाच्या कडेला बसवलेल्या तोफा सुरू होतात आणि दिव्यांच्या उजेडात पाण्याच्या कमानी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतात. टर्फचे तंतू आखूड आणि दाट असतात. कोरड्यावर चेंडू अडखळतो, उडतो, आणि खेळाडू घसरला तर कातडी सोलून निघते. पाण्याचा थर बसला की घर्षण कमी होतं, चेंडू जमिनीला धरून वेगाने पळतो. सामना सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं चेंडूमागे उठणारी पाण्याची बारीक रेघ बघा. क्वार्टरच्या शेवटाकडे ती विरळ होते आणि खेळ किंचित मंदावतो. चांगला संघ हे ओळखून खेळतो: ओल्यावर लांब, जोरकस पास, कोरडं होत गेलं की चेंडू पायापाशी ठेवून. मध्यंतराला पुन्हा पाणी मारतात, तेव्हा बरेच लोक खायला उठतात. तुम्ही बसून राहा.

हे पाणी जगभर चर्चेचा विषय झालं आहे. २०१२ला लंडनमध्ये ऑलिंपिकची हॉकी निळ्या टर्फवर आणि पिवळ्या चेंडूने खेळली गेली, चेंडू डोळ्यांना स्पष्ट दिसावा म्हणून, आणि मग निळं मैदान सगळीकडे रूढ झालं. २०२४ला पॅरिसजवळ कोलोंबला जे टर्फ अंथरलं त्याला आधीपेक्षा बरंच कमी पाणी लागत होतं. तिथेच आपण स्पेनला २-१ हरवून कांस्य घेतलं. बिनपाण्याचं मैदान पाण्याच्या मैदानाइतकं चांगलं खेळायला लागलं तर सर्वांत मोठा फायदा आपल्यासारख्या देशाला होईल. उन्हाळ्यात जिथे प्यायच्या पाण्याचे टँकर लागतात तिथे मैदानावर रोज पाणी ओतायचं कुठून? फलटणसारख्या दुष्काळी पट्ट्याच्या तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघात पोचल्या. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी हा प्रश्न फार जवळचा आहे.

बसायचं कुठे? खेळाची रचना समजून घ्यायची असेल तर लांबीच्या बाजूला, मध्यरेषेजवळ, जमेल तितकं वर. बचावफळी कशी सरकते, मोकळी जागा कुठे तयार होते हे तिथूनच दिसतं. दुसरा सामना मात्र एका गोलच्या कोपऱ्याजवळ, खाली बसून पाहा. पेनल्टी कॉर्नर तिथून पाहण्यासारखा दुसरा अनुभव नाही. गोलच्या बाजूला, मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून चेंडू आत ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या टोकावर तो थांबवला जातो, आणि ड्रॅग-फ्लिकर खाली वाकून चेंडू स्टिकवर ओढत आणून सोडतो. समोरून धावत येणारे बचावपटू तोंडाला मुखवटे आणि गुडघ्यांना पॅड बांधून त्या चेंडूच्या वाटेत घुसतात. टीव्हीवर यातलं धाडस निम्मंही पोचत नाही. आम्ही पाहिलेल्या अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सने हैदराबाद तुफान्सला ४-३ हरवलं आणि त्यात तीन गोल ड्रॅग-फ्लिकसाठीच ओळखल्या जाणाऱ्या जुगराज सिंगचे होते. स्टेडियम त्याच्या नावाने दुमदुमत होतं. त्या गर्दीत डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी होते, शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या, पाठीवर बाळ बांधून आलेल्या बायका होत्या. हॉकीला प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा इथे यावं.

त्या मोसमात लीगला प्रवेश मोफत ठेवला होता. पुढे तसाच असेल असं नाही, आणि लीग राउरकेलातच असेल असंही नाही. रांची, भुवनेश्वर, चेन्नईलाही सामने होतात. वेळापत्रक जाहीर झालं की मगच रेल्वेचं आरक्षण करा. संध्याकाळचे सामने संपेपर्यंत गारठा पडतो, पारा दहा-बारा अंशांवर येतो. स्वेटर आणि कानटोपी घ्याच. स्टेडियममधून परतताना रिक्षा कमी आणि माणसं जास्त असतात. येतानाच्याच रिक्षावाल्याशी परतीचं बोलून ठेवा. जेवण आधी उरकून घ्या. बरा-घुगनी (वडा आणि वाटाण्याची उसळ) आणि मुढी (चुरमुरे) कुठेही मिळते, छेनापोड मात्र चुकवू नका, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला पनीरचा तो गोड पदार्थ आपल्याकडच्यांना हमखास आवडतो.

सामना नसलेल्या दिवशी वेदव्यासला जा. कोयल आणि शंख या नद्या तिथे मिळून ब्राह्मणी होते. पण संध्याकाळी चारपर्यंत शहरात परत या आणि सेक्टरांतल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला उभे राहा. सरावाला आलेल्या मुलांचे शिक्षक सहसा बोलायला तयार असतात. विचारून, त्यांच्या कामात न येता, अर्धा तास थांबलात तर खूप शिकायला मिळतं. आपल्याकडून कुणी हॉकी शिकवणारे, शाळेचे क्रीडाशिक्षक जाणार असतील तर त्यांनी वही-पेन घेऊनच जावं आणि शक्य झालं तर आपल्या दोन-चार विद्यार्थ्यांनाही बरोबर न्यावं. पिंपरीच्या नेहरूनगरच्या किंवा चर्चगेटच्या टर्फवर खेळणाऱ्या मुलांना सुंदरगडच्या लाल मैदानावर एक तास खेळायला मिळाला तर त्यांच्या ट्रॅपमध्ये काय फरक पडतो ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कुणी नेलंत तर जरूर कळवा.