थंडीतला व्हाइट स्पॉट आणि दीडशे ग्रॅम मीठ

धुळ्यात मासे पाळतो म्हटलं की लोक उन्हाळ्याची भीती घालतात. आमच्या टाकीत रोग शिरला तो मात्र ऐन थंडीत. कृषी महाविद्यालयात पारा सहा-सातावर उतरल्याच्या बातम्या पेपरात येतात, तेव्हाचे ते दिवस. देवपुरातलं आमचं घर दुपारी उबदार असतं, पण पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही. टाकी अडीच फुटी, आत मोली, प्लॅटी आणि एंजलची जोडी. हीटर नव्हता. खान्देशात हीटर विकत घ्यायचा, ही कल्पनाच कुणाला सुचत नाही! आणि त्याच सुमारास दुकानातून नव्या प्लॅटी आणल्या होत्या.

त्यातली एक प्लॅटी दगडाला अंग घासू लागली. मग कल्ल्यांच्या मागे, शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसायला लागले. मोली पर मिटून एकाच जागी डुलत होती. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्यात शंका नव्हती.

दुकानदार भाऊ म्हणाले, "निळं औषध टाका, सगळ्या टाकीत." निळं म्हणजे मिथिलीन ब्लू. वेगळ्या टबात ते ठीक आहे, पण चालू टाकीत नको असं मी ठरवलं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून पचवतात. निळ्या औषधाने हे जिवाणूही मरतात. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळावं लागतं, कारण नळ रोज येत नाही. त्या जड, क्षार भरलेल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आठच्या घरात. पीएच सातचा आठ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. रोगातून वाचलेले मासे अमोनियाने घालवायचे, हा काही उपचार नव्हे.

या रोगाचं मर्म त्या परजीवीच्या फेऱ्यात आहे. माशाच्या अंगावरचा कण त्वचेखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी बसतो, भोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं होतात. ती पाण्यात सुटतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मारता येतात ती फक्त या पोहत्या अवस्थेत. पंचवीस अंशाला हा सगळा फेरा आठवड्याच्या आत संपतो, दहा अंशाला महिन्याहून लांबतो. म्हणजे थंड पाण्यात रोग नुसता रेंगाळत राहतो. पाणी तीस अंशांपर्यंत नेलं तर फेरा झटपट उरकतो आणि पुढची वीण बहुतेक बंद पडते.

शंभर वॅटचा हीटर आणला. एकदम तापवला नाही. दर काही तासांनी एकेक अंश चढवत तीसवर नेला. एंजलला ही ऊब मानवते, गोल्डफिश असते तर मी असं केलं नसतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तिसाला साडेसातच. म्हणून एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड रात्रंदिवस चालू आणि पंप इन्व्हर्टरवर. हीटर नाही, तो इन्व्हर्टर खाऊन टाकतो.

मग त्या पोहत्या पिल्लांना मारायला जाडं मीठ, लिटरला दोन ग्रॅम. तीस बाय बारा बाय पंधरा इंचांचं माप अठ्ठ्याऐंशी लिटर भरतं, पण वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी पंचाहत्तर. म्हणजे दीडशे ग्रॅम. मगभर पाण्यात विरघळवून, तीन हप्त्यांत टाकलं. माय मागून बघत होती. "आरे, जित्ता मासास्ले कोन्ही मीठ लावस का?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. माशांना एवढं मीठ चालतं, पण वनस्पतींना हे मीठ सोसत नाही, तेवढी व्हॅलिसनेरिया बादलीत काढली.

कण गळून अंग स्वच्छ दिसलं की घरचे म्हणतात, झालं बरं. खरं तर कण तेव्हा तळाशी बसलेले असतात. म्हणून उष्णता आणि मीठ दोन्ही पुढे चालू ठेवलं, शेवटचा कण दिसेनासा झाल्यावरही आठवडाभराहून जास्त. रोज सायफनने वाळू उपसायची, पाव पाणी बदलायचं. नवं पाणी साठवून ठेवलेलं, नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालून, आणि गॅसवर तापवलेलं पाणी मिसळून टाकीच्या तापमानाला आणलेलं. मीठ फक्त काढलेल्या पाण्यापुरतं भरायचं. वाफ होऊन गेलेल्या पाण्याबरोबर मीठ जात नाही; तिथे पुन्हा मीठ घातलं तर ते साचत जातं. खाणं अगदी चिमटीभर. अमोनिया तपासायच्या किटमधलं पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया वाढला नव्हता आणि फिल्टर शाबूत होता.

नव्या प्लॅटींपैकी काही गेल्या. एंजल आणि मोली सावरल्या. मोलीला तर थोडं मीठ आणि जड पाणी एरवीही आवडतं. पुढे पाणी बदलता बदलता मीठ उतरवलं, हीटर सव्वीसवर ठेवला.

आता नवा मासा आला की तीन-चार आठवडे वेगळ्या टबात. दुकानदार भाऊ हसतात, पण तोच स्पंज टबात लावता येतो, खर्च फारसा नाही. मे महिन्यात हीटर माळ्यावर जातो आणि टाकीवर टेबलफॅन येतो. आमची हवा इतकी कोरडी की नुसत्या वाफेने पाणी दोन-तीन अंश उतरतं. त्या वाफेची भर मी आरओच्या पाण्याने करतो, कारण बोअरचे क्षार मागेच राहतात. बोअरचंच ओतत गेलं तर पाणी आणखी जड होतं आणि काचेवर पांढरी रेघ चढते. ती लिंबानेही लवकर निघत नाही.