माझ्या पापण्या आणि शेजारचा रिकामा प्लॉट

२०१९ च्या ऑगस्टमधली एक सकाळ. उठले तर उजवा डोळा उघडेना. आरशात पाहिलं तर पापणी फुगून खाली आलेली, कडेला बारीक पुरळ, आणि मानेच्या घडीत लाल पट्टा. पहिल्या तासाला बारावीचं प्रॅक्टिकल घ्यायचं होतं. गॉगल लावून कॉलेजला गेले आणि दिवसभर कुणाकडे नीट बघितलं नाही. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी गेटवरच अडवलं, "तुह्या डोळ्याले काय झालं वं?" मी म्हटलं, काजळ लागलं असेल.

काजळ बंद केलं. फरक पडला नाही. मग टिकली बंद केली, मग फेसवॉश बदलला, मग शाम्पू. पुढची तीन वर्षं मी हेच करत होते. दर पावसाळ्यात चेहरा पेटायचा, दसऱ्याच्या सुमारास हातही खाजायचे, आणि जानेवारीत सगळं आपोआप शांत व्हायचं. शांत झालं की शेवटी जे लावलं होतं त्याचाच गुण आला असं वाटायचं. पुढच्या जुलैत तेच क्रीम लावूनही डोळा सुजला की पुन्हा दुकान गाठायचे.

त्यातल्या एका क्रीमबद्दल सविस्तर सांगते, कारण ते मी सगळ्यात विश्वासाने घेतलं होतं. हिरव्या पानाचं चित्र, त्यावर "संवेदनशील त्वचेसाठी", "नैसर्गिक", आणि आत कॅमोमाइल व कॅलेंड्युला या फुलांचा अर्क. सहाशे रुपये. सुजलेल्या पापणीवर लावलं. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, म्हणून जास्त लावलं. चौथ्या दिवशी दोन्ही डोळे आणि कानाच्या पाळ्या सुजल्या. तरी मनात आलं नाही की क्रीमच नडतंय, कारण ते तर माझ्यासारख्यांसाठीच बनवलेलं होतं.

सासूबाईंना माझे हाल बघवेनात. त्या काटोलच्या, घरची संत्र्याची बाग. "अवं, बाजारचं कायले लावतं? मी साल वाळवून ठेवलं ना, तेच दुधात कालवून लाव." सत्तरी ओलांडली तरी त्यांचा चेहरा तुकतुकीत आहे आणि त्या आयुष्यभर तेच लावत आल्या. मी लावलं. आग झाली. त्यांना फार वाईट वाटलं, मला त्याहून जास्त. संत्र्याच्या सालीत लिमोनिन असतं, सोलताना जे सुगंधी तेल उडतं ते बहुतांशी तेच. हवेशी संपर्क आला की लिमोनिनपासून जी संयुगं तयार होतात ती कातडीला नडू शकतात. हे मला नंतर कळलं. ज्यांना ती सोसतात त्यांनी लेप खुशाल लावावा. माझी कातडी त्यातली नाही.

यापुढची चूक जास्त गंभीर होती. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, "मॅडम, चार दिवसांत साफ." खरंच चार दिवसांत साफ झालं. पुढे महिना-दीड महिना मी ती लावत राहिले. बंद केली की आठवड्यात चेहरा आधीपेक्षा लाल व्हायचा, उन्हात उभं राहवत नसे, गालावर बारीक शिरा दिसू लागल्या. ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, ठरावीक जागी ते औषध आहेच. पण पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, आणि तिथे ते मनाने लावत राहणं म्हणजे डोळ्यांशी खेळ. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मला ती ट्यूब मागायचीही गरज पडली नाही, समोर ठेवली गेली. गोरेपणाच्या नावाखाली अशी ट्यूब वापरणाऱ्या मुली माझ्या वर्गात आजही आहेत. त्यांना मी तास संपल्यावर थांबवून ठेवते आणि ट्यूब आणून दाखवायला सांगते.

शेवटी इथे नागपुरातच, धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पिशवीभर डबे-बाटल्या घेऊन गेले होते. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्ही काय लावता ते नंतर बघू. कोणत्या महिन्यात वाढतं? घराच्या आजूबाजूला काय आहे?"

आजूबाजूला काय असणार? आम्ही बेसा रोडला राहतो. लेआउट पडून पंधरा वर्षं झाली, तरी अर्धे प्लॉट रिकामे. आमच्या बेडरूमच्या खिडकीला लागून असलेल्या प्लॉटवर पावसाळ्यात कमरेएवढं गाजर गवत माजतं, पांढऱ्या बारक्या फुलांचं. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. आणि त्याच खिडकीत आमचा कूलर. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, म्हणजे मृग कोरडा गेला की जुलै उजाडेपर्यंत त्या प्लॉटची हवा रात्रभर माझ्या तोंडावर येत होती.

बाईंनी पॅच टेस्ट सांगितली, म्हणजे नडू शकणारे पदार्थ पट्ट्यांवर घेऊन पाठीला चिकटवायचे आणि कातडीवर काय उठतं ते बघायचं, पण डिसेंबरात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, घामाने पाठीवरच्या पट्ट्या सुटतात. शिवाय स्टेरॉइडची ट्यूब आणि गोळ्या आधी बंद व्हायला हव्या होत्या, नाहीतर टेस्ट खोटं सांगू शकते. त्याआधी एका लॅबमध्ये मी रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करून हजारो रुपये घालवले होते. त्यात धूळ आणि झुरळ निघालं, चेहऱ्याचं कोडं सुटलं नाही. कारण बाईंनी समजावलं. रक्तातली ती तपासणी लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीची, म्हणजे शिंका, अंगावर उठणाऱ्या गांधी, दमा यांची. क्रीम, रंग, वास, गवत यांची जी अ‍ॅलर्जी कातडीला स्पर्शाने होते ती वेगळ्या पेशींचं काम असते आणि एक-दोन दिवसांनी उठते, कधी त्याहून उशिरा. ती रक्तात सापडत नाही, कातडीवरच पाहावी लागते.

नेमकं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. सीताबर्डीकडचे रस्ते मोर्च्यांनी बंद, म्हणून गाडी लांब लावून चालत गेले. सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेला वीसेक पदार्थांचा संच असतो, त्यात निकेल, सुवासांचं मिश्रण, केसांच्या कलपातलं पीपीडी, काही प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे वस्तू टिकवणारी रसायनं, आणि गाजर गवत सुद्धा. अठ्ठेचाळीस तास पाठ ओली करायची नाही. मंगळवारी रात्री उजव्या खांद्याखाली एकाच ठिकाणी अशी खाज सुटली की झोप उडाली. बुधवारी पट्ट्या काढल्या, शुक्रवारी पुन्हा दाखवलं. गाजर गवताच्या जागी फोडांसह लाल चौकोन, सुवासांच्या जागी त्याहून फिका. बाकी पाठ कोरी.

काजळ, टिकली, शाम्पू, यातलं कुणीच मुख्य गुन्हेगार नव्हतं. तीन वर्षं मी त्यांना शिक्षा देत होते.

गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि मग ते देशभर पसरलं. त्याचे सुकलेले कण हवेत उडतात आणि पापण्या, मान, कोपराची घडी अशा जागी बसतात. आता त्या हिरव्या पानाच्या क्रीमकडे वळते. कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निका या सगळ्या वनस्पती गाजर गवताच्याच कुळातल्या, सूर्यफुलाच्या कुळातल्या. आपला झेंडू आणि शेवंतीही त्यातच. ज्याला गाजर गवत नडतं त्याला हे भाऊबंद नडू शकतात. म्हणूनच दसऱ्याला तोरणं ओवताना माझे हात खाजत होते. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला खरं तर रडू आलं, इतकी वर्षं जे तुटक तुटक होतं ते एका धाग्यात आलं म्हणून.

आता दुकानात गेले की मी डब्याचा पुढचा भाग वाचतच नाही. "हायपोअ‍ॅलर्जेनिक", म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, या शब्दाचंच घ्या. अमेरिकेत १९७५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या शब्दासाठी नियम केला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे त्या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. "वास नसलेलं" म्हणून विकलेल्या वस्तूतही मूळ वास झाकायला दुसरा सुवास घातलेला असू शकतो. "नैसर्गिक"चं तर वर सांगितलंच.

मी डबा उलटा करते, मोबाइलने घटकांच्या यादीचा फोटो काढते आणि मोठा करून वाचते. शेवटून वाचते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी येतात, त्याखालचे कसेही लिहायची मुभा असते, आणि नडणाऱ्या गोष्टी बहुधा या शेवटच्या घोळक्यात असतात. परफ्यूम, फ्रेग्रन्स, पार्फम यातला एकही शब्द दिसला की डबा परत. लिनालूल, लिमोनिन, जेरानिऑल, सिट्रोनेलॉल हेही सुवासच. लॅव्हेंडर किंवा इतर कुठलंही सुगंधी तेल झाडापासून काढलेलं असलं तरी माझ्या कातडीसाठी ते सुवासातच मोडतं. मग मला नडणाऱ्या त्या सूर्यफुलाच्या कुळातली नावं शोधते. ती लॅटिनमध्ये असतात, म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत: मॅट्रिकेरिया, कॅलेंड्युला, अर्निका, अ‍ॅकिलिया, टॅजिटस, क्रिसॅन्थेमम. आधी वापरलेली वस्तू असली तरी नवं पाकीट आलं की यादी पुन्हा वाचते, कारण कंपन्या घटक बदलतात आणि पुढे फक्त "नवीन" असं लिहितात.

माझी यादी तुमच्या कामाची नाही, हे मी आमच्या स्टाफरूममधल्या नव्या मॅडमला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिच्या गालांवर चट्टे आहेत, पापण्यांच्या कडा सोलवटल्या आहेत, नोव्हेंबरात साखरपुडा आहे, आणि तिने विचारलं होतं, "ताई, तुम्ही कोणतं क्रीम लावता?" तिचं कारण वेगळं असू शकतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक प्रिझर्व्हेटिव्ह आहे, शाम्पू आणि ओल्या वाइप्समध्ये सापडतं. त्याने इतक्या लोकांना त्रास झाला की युरोपात २०१७ पासून ते अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये घालायला मनाई आहे. किंवा तिची नेलपॉलिश असेल. नखांना काही होत नाही, पण तोच हात दिवसातून शंभर वेळा डोळ्याला लागतो. किंवा अ‍ॅलर्जी नसेलच, नुसती जळजळ असेल. साध्या साबणाचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या घरात असतो आणि आपल्या कातडीचा साडेपाचच्या आसपास. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुतलं तर कुणाचीही कातडी कुरकुरेल. तिथे अ‍ॅलर्जी शोधण्याआधी साबण कमी करायचा.

म्हणून तिला मी क्रीम सांगण्याऐवजी सगळं बंद करायला सांगितलं. साबणाऐवजी वास नसलेला, साबणविरहित बार. रात्री पांढरी पेट्रोलियम जेली, बस. पॅच टेस्टमधले बरेचसे पदार्थ ज्यात कालवून पाठीवर लावतात ती हीच जेली, कारण तिची अ‍ॅलर्जी क्वचितच कुणाला होते. मे महिन्यात ती चिकट वाटते हे कबूल, मीही तेव्हा फक्त पापण्यांना आणि ओठांना लावते. उन्हासाठी मला झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन सोसतं. चेहरा जरा पांढुरका दिसतो, वर्गातली पोरं पहिल्या दिवशी बघतात, मग विसरतात. गाडीवर बांधायचा दुपट्टा सुती, आणि तो धुताना सुगंधी कंडिशनर नाही, कारण तो तासभर तोंडाला घट्ट बांधलेला असतो.

नवी वस्तू एका वेळी एकच, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, कमीत कमी सात दिवस, मी तर दहा दिवस लावते. दुकानात हाताच्या पाठीवर लावून दोन मिनिटं बघण्याला अर्थ नाही. ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते, हे पाठीवरच्या चौकोनाने मला शिकवलं. फेसवॉशसारखी धुऊन टाकायची वस्तू मात्र अशी चोपडून ठेवायची नाही, तिनं नुसती जळजळच होईल.

प्लॉटचं म्हणाल तर मालक पुण्याला असतो, फोन उचलत नाही. गेल्या जूनमध्ये लेआउटमधल्या लोकांनी मिळून फुलं धरायच्या आत गवत उपटलं, हातमोजे घालून, आणि जागेवर तरोट्याच्या बिया टाकल्या. तरोटा दाट वाढला की गाजर गवताला जागा देत नाही. मी त्या दिवशी घराबाहेर पडले नाही, चहा तेवढा पाठवला. कूलर आता दुसऱ्या खिडकीत आहे. श्रावणात काकूंनी त्याच प्लॉटवरचा कोवळा तरोटा खुडून भाजीला दिला.

नव्या मॅडमने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर साखरपुड्यासाठी पार्लरवालीचं काही लावायचं नाही, स्वतःचं फाउंडेशन आधी घेऊन तपासायचं, असं आमचं ठरलंय. काल डबा खाताना तिने बाही वर करून कोपर दाखवलं. पाचवा दिवस, अजून काही उठलेलं नाही.