आजोबांची शाळा का सुटली?

जत तालुक्यातल्या कॉलेजात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र शिकवतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 साली मांडलेला विचार अभ्यासक्रमात आहे, तो असा. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि कसब तपासावं. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर दोष त्या माणसांत शोधून भागत नाही. पोरं हे पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. म्हणून यंदा घरातल्या तीन पिढ्यांची माहिती लिहून आणायला सांगितली: कोण किती शिकलं, शाळा कधी सुटली, का सुटली.

एका मुलीनं वाचलं, "आजोबा, सहावी. कारण, ढ होते."

वर्ग हसला. मी साल विचारलं. 1972. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचं बी तेच साल." मग फळ्यावर सालं लिहायला घेतली. 71, 72, 73 पुन्हापुन्हा येऊ लागली आणि समोरची कारणं मात्र वेगवेगळी: आवड नव्हती, मास्तर मारायचे, डोकं चालत नव्हतं. हसू थांबलं होतं.

त्या सालांत पाऊस लागोपाठ दगा देत गेला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं राबत होती. खडी फोडणं, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी हा दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, हे या पोरांनी घरात ऐकलेलं होतं. पण ती गोष्ट आणि आजोबांचं 'ढ' असणं कधी शेजारीशेजारी ठेवलं नव्हतं.

त्या मुलीनं आजोबांना फोन लावला. मी स्पीकर सुरू करायला सांगितला. "व्हय, दुष्काळातच सुटली," ते म्हणाले. "पण मला गणित येतच नव्हतं बघ." मग स्वतःहून सांगत गेले. वडील जनावरं घेऊन बाहेर गेलेले. आईबरोबर हे खडीवर. नाव मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर यावं म्हणून वय वाढवून सांगितलेलं. कपच्या उडू नयेत म्हणून चिंध्यांची चुंबळ करून तिच्यात दगड बसवायचा आणि हातोडा घालायचा. मजुरी ढिगाच्या मापावर. "मुकादम माप कमी धरायचा. मग मी लांबी, रुंदी, उंची धरून किती घनफूट हुतंय ते सांगायचो. आयाबाया मलाच बोलवायच्या."

"आजोबा," मुलगी म्हणाली, "ह्याला घनफळ म्हणत्यात. हे गणितच हाय की!"

पलीकडून काही क्षण नुसताच श्वास ऐकू आला. नंतर, "असंल बाई." पन्नास वर्षं हा माणूस स्वतःला मठ्ठ समजत आला, याचा मला मनापासून संताप आला.

तेवढ्यात एका मुलानं शंका काढली. त्याच्या आजोबांची शाळा त्याच सालात चालू राहिली होती, कारण त्यांच्या विहिरीला पाणी टिकलं होतं. फार मोलाची शंका. पाऊस सगळ्यांचाच गेला. शाळा कुणाची सुटली, हे विहीर आणि जमीन कुणाच्या नावावर होती यावर ठरलं.

मी माझं पगारपत्रक दाखवलं. त्यात 200 रुपये व्यवसाय कर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची कल्पना; तिचा पहिला प्रयोग आमच्याच सांगली जिल्ह्यात, तासगावला झाला. दुष्काळानं ती राज्यभर नेली. तिला पैसा मिळावा म्हणून 1975 साली हा कर बसवला आणि 1977 मध्ये कामाच्या हक्काचा कायदा झाला. म्हणजे खडीवरच्या त्या माणसांचा धागा माझ्या पगारापर्यंत आलेला आहे. पगारदारांना ही कपात टोचते. मला ती त्या दिवसापासून टोचत नाही.

तास संपताना त्याच मुलीनं फळ्याकडे बोट केलं. आज्यांच्या रकान्यात एकही साल नव्हतं. बहुतेकींना शाळाच नव्हती, मग सुटणार कुठून? पुढच्या तासासाठी आम्ही प्रश्न बदलला: दुष्काळात आजी कुठल्या कामावर होती, आणि हातात मजुरी किती पडायची?