नासरेथ ते कफर्णहूम : हा आहे तरी कोण?

आम्हा नगरच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या शिकवणीत तीर्थयात्रेला फारसे स्थान नाही. देवाची उपासना करायला अमुक डोंगरावर किंवा यरुशलेमातच गेले पाहिजे असे नाही, हे येशूने शोमरोनी स्त्रीला सांगितले, आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते इतके मनावर घेतले की यात्रेचे नाव आमच्या घरात जपूनच काढले जाई. पण निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाते ती आमच्या नगरवरूनच, आणि दिंड्या पाहत वाढलेल्या माणसाच्या पायांना चालण्याची ओढ लागतेच. म्हणून 2019 च्या मार्च महिन्यात आम्ही नगरची आणि वसईची काही माणसे इस्राएलच्या उत्तरेकडील गालीलात पायी निघालो, तेव्हा ‘टूर’ हा शब्द कोणाच्याच तोंडी नव्हता. सगळे वारीच म्हणत होते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी एक प्रश्न बरोबर घेऊन निघाले होते. आमचे शेजारीपाजारी येशूविषयी नेहमी आदराने बोलतात. तो मोठा संत होता, करुणेचा सागर होता, असे ते मनापासून म्हणतात, आणि त्या प्रेमाच्या बोलण्यावर ‘आमचा विश्वास याहून वेगळा आहे’ असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते. परंतु तो वेगळा आहे, हेही खरेच. येशूने देवाकडे जाणारी वाट दाखवली एवढेच ख्रिस्ती मंडळी म्हणत नाही. देव स्वतःच त्याच्या रूपाने आपल्याकडे आला, आणि म्हणून आपल्या जिवावर, घरावर व पैशाअडक्यावर त्याचा प्रभू म्हणून हक्क आहे, असे ती म्हणते. एका खेड्यातल्या सुताराविषयी, तेही एकच देव मानणाऱ्या यहुदी लोकांमध्ये, असे बोलण्याचे धैर्य पहिल्या माणसांना कुठून आले असेल, हा माझा प्रश्न होता.

नासरेथपासून कफर्णहूमपर्यंतची ही सुमारे 65 किलोमीटरची पायवाट माओझ इनोन आणि डेव्हिड लँडिस या दोघांनी 2007 मध्ये आखली. दगडांवर आणि खांबांवर पांढरा-नारिंगी-पांढरा असे पट्टे रंगवलेले असतात आणि ते पाहत चालायचे असते. आजचे नासरेथ हे गजबजलेले अरब शहर आहे. देवदूताने मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता दिली, तिच्या स्मरणार्थ असलेल्या तिथल्या घोषणा-मंदिराची भव्य वास्तू 1969 मध्ये पवित्र करण्यात आली. तिच्या अंगणात देशोदेशींच्या मरीयामातेच्या चित्रांपुढे आमची वसईची कॅथलिक मंडळी बराच वेळ उभी राहिली आणि आम्ही नगरकर जरा बाजूला घुटमळलो. येशूच्या काळी मात्र हे काही शे वस्तीचे खेडे होते. जुन्या करारात त्याचे नावही नाही. अशा गावात सगळे सगळ्यांना ओळखत असणार, आणि नेमकी तीच अडचण झाली. सभास्थानात येशूने शास्त्रलेख वाचून तो आज पूर्ण झाला असे सांगितले, तेव्हा लोक म्हणाले की हा सुतार, मरीयेचा मुलगा, ह्याचे भाऊ-बहिणी इथेच आहेत ना. आणि पुढे त्यांनी त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटून द्यायला नेले. नासरेथच्या जुन्या बाजारातून वर जाणाऱ्या शेकडो पायऱ्या चढताना मला त्या गावकऱ्यांचा राग येईना. आपल्या आळीतल्या एखाद्या मुलाने उद्या ‘आज हा शास्त्रलेख माझ्यात पूर्ण झाला’ असे सांगितले, तर आपण तरी काय करू?

पायऱ्या संपल्या की टेकडीपलीकडे सिप्पोरी लागते. गालीलाचा त्या काळचा शासक हेरोद अंतिपा याने हे नगर नव्याने वसवले होते, आणि नासरेथहून ते दीड-दोन तासांच्या अंतरावर असूनही शुभवर्तमानात त्याचा एकदाही उल्लेख येत नाही. येशूने आपले राज्य राजधानीतून सुरू केले नाही, एवढे या मौनातून समजते. तिथली मोझाइकची फरसबंदी सुंदर आहे, पण आमचे मन तिथे रमले नाही. काना गावात तर प्रत्येक दुकानात ‘लग्नाचा द्राक्षारस’ बाटल्यांत भरून ठेवलेला होता. लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस झाला, त्या ज्या घटनेला योहानाने आपल्या शुभवर्तमानात येशूचे गौरव प्रकट करणारे पहिले चिन्ह म्हटले, तिची अशी किरकोळ विक्री पाहून मी तिथून लवकर पुढे झाले.

कानाच्या पुढे शेतांमधून चालताना वसईच्या मामांनी आमच्या तरुण पाळकांना विचारले, “पाळकसाहेब, येशूला देव ठरवले ते कॉन्स्टंटाइन बादशहाने, मतदान घेऊन, असे आमच्या कचेरीतले लोक म्हणतात. खरे काय ते सांगा.” मोहरीची पिवळी फुले कमरेपर्यंत आली होती आणि वाट अरुंद होती, त्यामुळे पाळकांना पुढे चालत, मागे मान वळवून उत्तर द्यावे लागले, पण उत्तर भरपूर मोठे होते. बिशपांची निकियाची परिषद 325 मध्ये भरली, हे खरे. बादशहाने ती बोलावली, हेही खरे. वाद आलेक्सांद्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूने उभा केला होता. पुत्र हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ आहे, पण तो निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असा एक काळ होता, असे आरियसचे म्हणणे होते. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे लिहून ठेवले. परंतु नाकारण्याचे कारण असे की मंडळी त्याआधी कितीतरी पिढ्या ख्रिस्ताची उपासना करत आली होती. ज्या बिथुनिया प्रांतात निकिया होते, त्याच प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने 112 च्या सुमारास सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, अशी माहिती त्यात आहे. म्हणजे निकियापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे, आणि तेही विरोधकाच्या साक्षीने.

“आणि इतके लांब कशाला जायचे?” असे म्हणून पाळकांनी नैर्ऋत्येकडे हात केला. त्या दिशेला मगिद्दो आहे. तिथल्या तुरुंगाच्या आवारात 2005 मध्ये खोदकाम करताना एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाची मोझाइकची जमीन सापडली. ती साधारण 230 च्या सुमाराची असल्याचे उत्खनन करणाऱ्यांनी ठरवले. तिच्यावरच्या ग्रीक लेखात अकेप्तूस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मरणार्थ मेज अर्पण केल्याचे नोंदवले आहे. प्रभुभोजनाचे मेज देणारी ती बाई कोण होती, तिचे घरदार काय होते, हे कोणालाच ठाऊक नाही. पण कॉन्स्टंटाइनच्या जन्माआधी गालीलाच्या सीमेवर बसून तिने आपल्या विश्वासाची पावती दगडात करून ठेवली. मामा त्यानंतर बराच वेळ गप्प चालले.

मला स्वतःला आरियसविषयी थोडी सहानुभूती वाटते, हे लिहायला हरकत नाही. देवाचे देवपण अबाधित राहावे, एवढीच त्याची चिंता होती. आजही पुष्कळ भल्या माणसांचे येशूविषयीचे मत आरियसच्या मताच्या जवळपासच असते. पण पुढे आलेक्सांद्रियाचा बिशप झालेल्या अथनासियसने त्याला दिलेले उत्तर मला अधिक पटते : जो स्वतः निर्माण केलेला आहे तो दुसऱ्या निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला देवाने एखादा श्रेष्ठ सेवक पाठवला असेल, तर देव स्वतः किनाऱ्यावरच राहिला. तारणारा देवच असेल, तर तो पाण्यात उतरला. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार या एका फरकावर आहे, आणि म्हणूनच फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने प्रभुत्वाचे वर्णन खालच्या टोकापासून सुरू केले : देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे स्वरूप धारण केले, वधस्तंभावरचे मरण सोसले, म्हणून प्रत्येक जिभेने तो प्रभू आहे असे कबूल करावे. हे पत्र येशूच्या मरणानंतर तीसेक वर्षांच्या आतले आहे.

हत्तीनच्या दोन शिखरांवरून गालीलाचे सरोवर पहिल्यांदा दिसते. तिथे सगळे खाली बसले, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, कोणी मोजे काढले. ती जागा मात्र रक्ताची आहे. 4 जुलै 1187 रोजी सुलतान सलाउद्दिनाने क्रुसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, सैन्याचा इथे पुरता पराभव केला. ते सैन्य येशूच्या वधस्तंभाचा अवशेष मानलेले लाकूड निशाणासारखे पुढे घेऊन आले होते आणि तेही त्यांनी इथेच गमावले. येशूला प्रभू म्हणायचे आणि त्या प्रभुत्वाचे रक्षण तलवारीने करायचे, हा विचार मुळातच चुकीचा होता, असे माझे मत आहे. जो प्रभू स्वतः आपल्या शिष्यांचे पाय धुतो त्याला अशा सैन्याची गरज कशाला पडावी?

उत्तरेला हर्मोनवर बर्फ होते. त्याच्या पायथ्याशी फिलिप्पाचे कैसरिया होते, जिथे पान नावाच्या ग्रीक देवाची गुहा होती आणि थोरल्या हेरोदाने ऑगस्टस कैसरासाठी पांढऱ्या दगडाचे मंदिर बांधले होते. त्याच प्रदेशात येशूने शिष्यांना विचारले की तुम्ही मला कोण म्हणून ओळखता, आणि पेत्राने उत्तर दिले, “आपण ख्रिस्त, जिवंत देवाचे पुत्र आहात.” सरोवराच्या पश्चिम काठावर तिबिर्या दिसत होते. हेरोद अंतिपाने ते शहर सम्राट तिबेरियसच्या नावाने वसवले, आणि त्या सम्राटाच्या दीनार नाण्यावर तो ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असल्याचे कोरलेले असे. म्हणजे देवाचा पुत्र आणि प्रभू ही पदे त्या काळी रिकामी नव्हती. त्यांच्यावर कोणीतरी आधीच बसलेले होते. मासे पकडणाऱ्यांनी ती एका वधस्तंभी दिलेल्या माणसाला दिली, याचा अर्थ रोमी अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा लवकर समजला असावा.

आर्बेलचा कडा उतरताना लोखंडी कड्या धराव्या लागतात. आमच्या सत्तरीच्या आक्का पदर खोचून आमच्याआधी खाली पोहोचल्या आणि वर पाहून म्हणाल्या, “बाई, या की आता, किती वेळ!” खाली मग्दाला, मग गिनोसार. तिथल्या संग्रहालयात सरोवराचे पाणी आटले असताना 1986 मध्ये चिखलात सापडलेली, येशूच्या काळाच्या सुमाराची होडी ठेवली आहे. ती जेमतेम आठ मीटर लांब आहे. अशा होडीत वादळात सापडलेल्या शिष्यांनी येशूला जागे केले, त्याने वाऱ्याला धमकावले आणि समुद्र निवांत झाला. शिष्यांची भीती मात्र त्यानंतर वाढली, हे मार्कने लिहिले आहे, आणि ती होडी पाहताना मला ते पहिल्यांदा नीट समजले. ते स्तोत्रे म्हणत वाढलेले लोक होते. लाटांना शांत करणारा एकटा परमेश्वर आहे हे त्यांना तोंडपाठ होते. तोच आपल्यासोबत आठ मीटरच्या लाकडावर उशीला डोके टेकून झोपला होता की काय, या शंकेने ‘हा आहे तरी कोण?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. वादळापेक्षा हा प्रश्न खरोखरच अधिक घाबरवणारा आहे.

ताब्घावरून आम्ही कफर्णहूमला पोहोचलो. काळ्या बसाल्ट दगडाच्या घरांचे पाये तिथे ओळीने उघडे आहेत. पेत्राचे म्हणून मानले जाणारे घर त्यांतलेच एक. 1968 पासून फ्रान्सिस्कन संशोधकांनी ते खणले, तेव्हा वरच्या अष्टकोनी चर्चच्या खाली एक साधी खोली निघाली. तिच्या भिंतींना लोकांनी कधीतरी गिलावा केला होता आणि यात्रेकरूंनी त्यावर ग्रीक व इतर लिपींत अक्षरे कोरली होती. आज त्या अवशेषांवर 1990 मध्ये बांधलेले नवे चर्च खांबांवर तोलून धरले आहे. आक्कांना मात्र छपराचीच काळजी होती. दाराशी गर्दी म्हणून पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून येशूपुढे सोडले ते कसे, असे त्यांनी विचारले. फांद्या आणि माती घालून केलेले सपाट छप्पर असे, आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखे, असे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग उकरायला सोपे. पण घरधन्याने नंतर काय म्हटले असेल!”

मी तिथेच मार्कचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. येशू त्या माणसाला आधी बरे करत नाही. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, असे तो म्हणतो, आणि बसलेले शास्त्री मनात म्हणतात की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? आमच्या रविवारच्या शाळेत या शास्त्र्यांना नेहमी खलनायक केले जाई, पण त्यांचा विचार अगदी बरोबर होता. माझे कोणी नुकसान केले तर मी क्षमा करू शकते. शेजाऱ्याचे केले तर शेजारी. सर्व पापांची क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्याविरुद्ध प्रत्येक पाप घडते त्यालाच आहे. मग समोरचा माणूस एक तर देवाची निंदा करत होता किंवा तो तोच होता. मोठा संत म्हणून त्याला आदराने बाजूला बसवण्याची सोय त्या खोलीत कोणालाच नव्हती. येशूनेही त्यांचा आक्षेप चुकीचा ठरवला नाही. मनुष्याच्या पुत्राला (म्हणजे त्याला स्वतःला) पृथ्वीवर हा अधिकार आहे हे तुम्हांला समजावे म्हणून, असे म्हणून त्याने त्या माणसाला उठायला सांगितले.

पाळकांनी त्यानंतर प्रार्थना केली. मामांनी क्रुसाची खूण केली. आक्का एका दगडावर बसून बूट सैल करत होत्या. आवार बंद करायची वेळ झाली होती, आणि तिबिर्याची शेवटची बस हमरस्त्यावरून मिळते, हे पहारेकऱ्याने आम्हांला पुन्हा एकदा सांगितले.